आधी आपलं खळं

मौजे धामणखेड, बार्शीटाकळीजवळ
कार्तिक शुद्ध दशमी, शके १७८६

खुशाल,

मोरोपंत म्हनतात, पत्राच्या सुरवातीले चिरंजीव लिवा लागते, मंग आशीर्वाद. म्या म्हनलं, राहू द्या. मले राग आला हाय अन् रागात दिलेला आशीर्वाद लागत नसते. मी बोलून राहिली, पंत लिवून राहिले. मले अक्षर येत नाई, पन तोंड चांगलं येते, हे तुले माहीतच हाय.

काहून रे, मले न सांगता अमरावतीले पळाला? भाऊबीजेले तुले ओवाळलं, दुसऱ्या दिवशी नंदेच्या घरी बारशाले गेली. वापस येऊन पाहतो तं तू नाई, मोठी गाडी नाई, बैलजोडी नाई. "बाईले सांगजा, मी गेलो," एवढा निरोप शेजारच्या पार्बताबाईपाशी ठेवला. मी तुही मोठी बहीन हाय का खळ्यावरची राखनदारीन? माय गेली तवा तुले चालताबी येत नोतं. रांडपन घेऊन मी माहेरी आली अन् तुले लहानाचा मोठा केला. एवढं तरी इचाराचं, बाई, जाऊ का म्हनून.

पन खरं सांगतो, खळ्यात पाहिलं अन् निम्मा राग तिथीच उतरला. केवढा ढीग तो! बाबाच्या राज्यात एवढा कापूस आपल्या खळ्यात कधी पडला नाई. पंजाबराव पाटील सोता येऊन पाहून गेले. म्या बी छाती फुगवून सांगतलं, आमच्या खुशालचा हाय.

पंत गावात नवे हायेत, यंदा पहिल्यांदाच इथी कापूस पेरला त्यायनं. लिवता लिवता इचारून राहिले, बाई, तुमच्या घरचा मान हाय ते हिवाची मांडणी म्हनजे काय? त्यायले जे सांगतलं ते इथी बी लिवाले लावतो. अमरावतीच्या त्या कापूसवाल्या शेठजीच्या पेढीवर बसून तू इसरला असशीन.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपल्या घरच्या मानसानं वावरात काळ्या मातीची चार ढेकळं मांडाची. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. एकेका ढेकळावर एकेक सरकी. रातभर तिकडं कोनी फिरकाचं नाई. पहाटे जे ढेकूळ ओलं, त्या महिन्यात आभाळ अन् पानी. जे कोरडं राहून तडकलं, त्या महिन्यात नुसती थंडी. मंग मारुतीच्या पारावर मोठ्यानं सांगाचं. पन गाव आपल्या तोंडाकडं पाहत नाई, खळ्याकडं पाहते. कोरडं सांगतलं तं पहिले आपला कापूस उघड्यावर पडला पाहिजे. पानी सांगतलं तं पहिले आपला आत गेला पाहिजे. जो सांगन, त्यानं आधी कराचं. आजा-पंज्यापासून असंच हाय.

तुवा कोरडं सांगतलं. संक्रांतीपर्यंत थेंब नाई म्हनलं. आपला ढीग उघड्यावर पाहून साऱ्या गावानं कापूस उघड्यावर ठेवला. यंदा लोकायनं ज्वारीचं वावर बी मोडून कापूस पेरला, तिकडं साता समुद्रापार कुठी लढाई हाय म्हने, तिच्यापाई इथी कापसाले सोन्याचा भाव. घरात ठेवाले जागा कोनाकडं हाय? परवा अकोल्याच्या गाड्या आल्या होत्या कापूस घ्याले. पाटलानं रिकाम्या पाठवल्या. "आमाले घाई नाई, खुशालरावानं कोरडं सांगतलं. पौषात अमरावतीच्या गाड्या आल्या की पाहू."

एक गोष्ट मात्र मले समजली नाई. बाबा ढेकळं चार मानसायले दाखवत होते. तुवा त्या पहाटे कोनी यायच्या आधीच पायानं फोडून टाकली. काहून? याचं उत्तर धाड.

गोदाबाई


कार्तिक वद्य षष्ठी

खुशाल,

आज पंतायनं लिवता लिवता दोनदा टाक खाली ठेवला, म्हनून कागदावर डाग हायेत. मी जे सांगतलं ते लिवताना कोनीबी टाक ठेवन.

पार्बताबाईच्या सुनेले पोट्टा झाला. थंडी पडाले लागली, लेकराले दुपटं भराचं होतं. पार्बताबाई म्हने, गोदाबाई, तुमच्या ढिगातला मूठभर कापूस दे, तुमच्या घरचा शकुनाचा. म्या म्हनलं, मूठभर काहून, ओटीभर घे. वरचा कापूस धुळीनं मळला होता म्हनून आतला काढाले हात घातला. कोपरापर्यंत घातला. खांद्यापर्यंत घातला. हाती काय आलं माहीत हाय तुले? कुटार! गाई-बैलायपुढं टाकतो ते ज्वारीचं कुटार!

दुसऱ्या बाजूनं हात घातला, तिथी तुराट्या लागल्या. तुराट्यायचा सांगाडा, त्यावर कुटार अन् त्यावर हातभर कापसाचा थर. वा रे वा! मी बारशाले गेली तवाचे, रातच्या अंधारातले तुहे उद्योग हे. मोठी गाडी अन् बैलजोडी कायले नेली, ते आता समजलं. आपला कापूस अमरावतीले शेठजीच्या गोदामात अन् गावाचा कापूस आभाळाखाली!

पार्बताबाई ओटी पसरून उभी होती. तिले काय सांगू? म्या सांगतलं, आज दिवस चांगला नाई, उद्या देतो. माह्या तोंडून खोटं निघालं, खुशाल. ते बिचारी "बरं बाई" म्हनून गेली. अन् मी त्या ढिगाले पाठ लावून उभी राहिली, कोनी दुसरं हात घालू नये म्हनून. तुह्या चोरीवर पहारा देऊन राहिली मी. लाज कशी वाटली नाई तुले? ज्या बहिनीनं तुह्या तोंडात घास घातला, तिलेच बुजगावन्यावानी खळ्यात उभं केलं!

बाबानं एका साली चुकीचं सांगतलं होतं. तू लहान होता. कोरडं सांगतलं अन् मार्गशीर्षात धो-धो पानी आलं. साऱ्या गावाचा कापूस काळा पडला. पन बाबाले कोनी एक शब्द बोललं नाई, कावून की सगळ्यात आधी आपला भिजला होता. उलट हेच पंजाबराव आपल्या खळ्यात येऊन ओला कापूस पसरू लागले. चुकनारा मानूस गावाले चालते, बाप्पा. सोताची गादी कोरडी ठेवून दुसऱ्याले ओल्यात झोपवनारा चालत नाई.

मार्गशीर्ष लागाच्या आधी गाड्या भरून कापूस वापस आन. तुराट्या काढ, कुटार काढ, ढीग खरा कर. मी कोनाले काही सांगनार नाई. नाई आनला तं साऱ्या गावासमोर मी सोता हा ढीग फोडीन. मंग म्हनू नको, बाईनं घराची अब्रू काढली. ते तुवा कधीच गाडीत भरून नेली.

पंतायले म्या मारुतीची शपथ घातली, तोंड उघडाचं नाई. ते म्हने, "तोंड उघडणार नाही बाई, पण माझा कापूस मी आज आत घेणार. शपथ तोंडाची आहे, कापसाची नाही." म्या म्हनलं, घ्या. त्यायले कोन्या तोंडानं नाई म्हनू?

गोदाबाई


मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

खुशाल,

तुहं उत्तर पंतायनं वाचून दाखवलं. म्या पुन्हा एकदा वाचाले लावलं, माह्या कानायवर माहा इस्वास बसेना.

तू लिवतो, "बाई, ढेकळं कोरडीच होती. पानी येनारच नाई, मंग ढिगात कापूस असो का कुटार, काय फरक पडते?" अरे शाहन्या! ढेकळं कोरडी होती तं आपला कापूस हलवला काहून? तुह्या शब्दावर तुहाच भरवसा नाई अन् गावानं ठेवाचा?

अन् पुढं लिवतो, शेठजीच्या गाड्या पौषापर्यंत मोकळ्या नाई, तवर गावानं अकोल्यावाल्यायले कापूस देऊ नये अशी त्यायची इच्छा होती. असं म्हन ना मंग! मांडणी वावरात झालीच नाई, शेठजीच्या गादीवर झाली. थंडीबी तेच ठरवतीन, पानीबी तेच पाडतीन.

पंतायनं कापूस आत घेतला तवा गावात कुजबुज झाली. चार जन आपल्या खळ्यावर पाहाले आले. ढीग जागेवर. मंग हासत गेले, "बामन भेकड हाय, खुशालरावाचा कापूस उघड्यावर हाय अन् हा घाबरते." तुह्या कुटारानं खऱ्या मानसाले खोटं पाडलं. मी तिथीच उभी होती. बाहेर डोकावनारं कुटार पायानं आत सारत होती.

मंग आभाळ आलं. दाट पांढरी धुई अन् काळे ढग, सूर्याचा पत्ता नाई. वारा पूर्वेकडून. लोक आभाळाकडं पाहत अन् मंग आपल्या खळ्याकडं. पंजाबराव मले म्हने, "गोदाबाई, तुमी ढीग झाकून नाई राहिल्या, मंग आमी कायले झाकू?" त्या मानसाच्या डोळ्यात एवढा भरवसा होता की मले तो सोसवला नाई. तुही वाट पाहून पाहून माहे डोळे दुखले होते. एकही गाडी आली नाई.

काल सकाळी बायका पान्याले चालल्या होत्या. म्या कुटार ओढाचं दाताळं घेतलं अन् ढिगावर मारलं. मारतच गेली. पार्बताबाई ओरडली, "अवं गोदाबाई, याड लागलं का तुले?" वरचा कापूस उडाला, कुटार सांडलं, तुराट्या कडकड मोडल्या. मानसं पळत आली. पाटील आले. ढिगाच्या जागी गुरायच्या चाऱ्याचा ढिगारा पाहून पाटलानं मूठभर कुटार उचललं.

"हे काय हाय, गोदाबाई?" पाटील म्हने.

"हा आमच्या घरचा शब्द हाय, पाटील," म्या म्हनलं. "पाहून घ्या. आता आपापला कापूस आत घ्या."

मंग जे झालं ते तुवा पाहाले पाहिजे होतं. खाटा-बाजा बाहेर, कापूस आत. चुलीपाशी कापूस, देवघरात कापूस. लेकरं अंगनात झोपली. ज्याच्या घरात मावला नाई त्यानं अकोल्याच्या गाड्या बलावल्या अन् मिळन त्या भावानं देऊन टाकला. मी माह्या घरात जाऊन दार लावलं अन् बाबाचं नाव घेऊन रडली. तुह्यासाठी नाई रडली, हे चांगलं ध्यानात ठेव.

गोदाबाई


पौष शुद्ध पंचमी

खुशाल,

पानी आलं नाई. हेच ऐकाचं होतं ना तुले? घे, माह्या तोंडून ऐक. ढग आले तसे गेले. एक थेंब पडला नाई. आता अशी कोरडी थंडी पडली की हातापायाले भेगा पडल्या. अमरावतीच्या गाड्या आल्या अन् अकोल्यावाल्यायपेक्षा जास्त भाव देऊन राहिल्या.

ज्यायनं घाबरून कापूस काढला ते सारे आता माह्यावर चिडले. पार्बताबाई पान्यावर सगळ्या बायकायसमोर म्हने, "तुह्या भावाचं खरं होतं वं. तुवा उगाच आमचं नुकसान केलं." ज्या बाईचा कापूस वाचवाले म्या आपलं घर उघडं केलं, तिनं माही घागर बाजूले सारली. मी घागर उचलून निघाली. घरी येऊन मात्र असा संताप आला की भाकर थापता थापता परातच आपटली.

अन् त्यात तुहं पत्र पाटलाच्या नावानं आलं. पारावर वाचाले लावलं. "म्या कोरडं सांगतलं होतं, कोरडंच राहिलं. माह्या बहिनीनं बायकी बुद्धीनं घोटाळा केला, त्याची मले माफी असावी." बायकी बुद्धी! कावळा बसाले अन् फांदी तुटाले, अन् कावळा म्हनते म्या झाड पाडलं! लोकायनं माना हालवल्या. पंजाबराव म्हने, संक्रांतीले खुशालराव आले की त्यायले फेटा बांधू. कुटार इसरले, तुराट्या इसरले. पानी नाई आलं एवढंच ध्यानात ठेवलं.

मले तुवा निराळी चिठ्ठी धाडली. पंतायनं ते मले एकटीले वाचून दाखवली, वाचता वाचता त्यायचाच चेहरा उतरला. "बाई, आता राग सोड. खरी गंमत सांगू? म्या ढेकळं पाहिलीच नाई. धुईत कोन डोळे फोडते? शेठजीनं कोरडं सांग म्हनलं होतं, म्हनून गेलो अन् पायानं तुडवून आलो."

तुले वाटलं मी हासन. लहानपनी तू दुधाची साय खाऊन मांजरीचं नाव सांगत होता तवा मी हासत होती, म्हनून आता बी हासन.

नाई हासली, खुशाल. ढेकळायले समजते का नाई, मले माहीत नाई. बाबालेबी माहीत नोतं. ते म्हनत, माती काय बोलते ते आपून ऐकाचं, मंग त्या बोलन्याखाली आपलं डोकं ठेवाचं. तुवा ऐकलंही नाई अन् डोकंही ठेवलं नाई. तरी तुहं खरं ठरलं. याच्यापेक्षा पानी आलं असतं तं बरं झालं असतं, असं माह्या मनात आलं. हे पंतायले लिवू नका म्हनली होती, मंग म्हनलं लिवा. मले सोताचा एवढा राग कधी आला नोता. साऱ्या गावाचं वाईट व्हावं असं माह्या मनात तुह्यापाई आलं.

फेटा बांधून घ्याले ये. मी अडवनार नाई. तिळाच्या पोळ्या करून ठेवतो.

गोदाबाई


पौष वद्य तृतीया

खुशाल,

तू न जेवता गेला. पोळ्या अजून डब्यात हायेत. आता त्यायचं काय करू ते सांग. गाईले घालू का?

पारावर जे झालं ते मी पुन्हा लिवाले लावून राहिली, कावून की अमरावतीले जाऊन तू ते निराळं सांगशीन हे मले माहीत हाय.

तुले फेटा बांधला. गुळाचा खडा दिला. तू असा बसला होता की जसा पाऊस तुह्या परवानगीनं पडते. मंग पाटील म्हने, "खुशालराव, अजून माघ बाकी हाय. शेवटच्या वेचनीचा कापूस वावरात हाय, तूर सोंगाची हाय, हरभरा घाट्यावर हाय. माघाचं सांगा." तू मिशीवर हात फिरवून म्हनला, "माघबी कोरडा. बिनघोर राहा."

तवा मी उभी राहिली. बायका मांगं बसल्या होत्या, पार्बताबाईनं माहा पदर ओढला, खाली बस म्हनली. मी बसली नाई.

म्या एवढंच इचारलं, "मंग आपल्या घरची राहिलेली वेचनी आजच उघड्यावर टाकतो का? अन् अमरावतीच्या गोदामातला कापूस वापस आनून त्याच्यासंग ठेवतो का? माघ संपेपर्यंत?"

तुवा काय उत्तर दिलं, आठवते? तू म्हनला, "त्याले शेठजीले इचारा लागन."

कोनी हासलं नाई. मी तुही बहीन हाय, मले वाटलं कोनी हासलं तं बरं होईन, गंमत होऊन जाईन. मंग पार्बताबाईच बोलली, माहा पदर सोडून बोलली. "अरे बाप्पा, कोरडं हाय तं टाक ना. सरळ सांग, टाकतो का नाई?"

तू गाडीकडं पाहून राहिला. पाटील तुह्याकडं पाहून राहिले. एवढ्या मानसायसमोर तुले "टाकतो" म्हनता आलं नाई. खोटं तरी म्हनाचं! इतके दिवस त्याच्यावरच तं चाललं होतं तुहं. अन् मंग तू उठला, "बैल तहानले" म्हनला अन् जो गेला तो गेला. घराकडं वळला बी नाई. फेटा मात्र न्याचा इसरला नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंजाबराव घरी आले. दारातच उभे राहिले. म्हने, "गोदाबाई, पुढच्या दसऱ्याले मांडणी कोन करन?"

म्या म्हनलं, "मी करीन."

"बाई मानसानं आजपर्यंत केली नाई."

"बाप्या मानसानं केली ते पाहिली ना तुमी."

पाटलानं दाराच्या चौकटीले हात टेकला. मंग म्हने, "चुकली तं?"

"चुकीन बी, पाटील. बाबाबी चुकले होते. चुकली तं पहिले आमचा भिजन. अन् ढीग बांधीन तवा तुमी या, हात घालून पाहा. खांद्यापर्यंत घाला."

पाटील म्हने, गावाले इचारतो. संध्याकाळी पार्बताबाई आली अन् गाव हो म्हनते म्हनून सांगून गेली. माफी बिफी तिनं मांगतली नाई, मले नकोच होती. वांग्याची भाजी घेऊन आली होती तेवढी ठेवून गेली.

आता तुले सांगाचं राहिलं ते एवढंच. वावर दोघायचं हाय. अर्धा कापूस तुहा, हे मी नाकारत नाई, तुहा हिस्सा खानारी मी नोहे. पन पुढच्या हिवाळ्यात माह्या तोंडून जे निघन, त्याच्यावर तुहा अर्धा बी माह्या अर्ध्यासंग उघड्यावर राहीन. आभाळ आलं तरी राहीन. शेठजीची गाडी खळ्यात चढू देनार नाई, पाटलाची मानसं उभी राहतीन. भिजला तं दोघायचा भिजन, काळा पडला तं दोघायचा पडन.

हे मंजूर नसन तं मांडणीच्या दुसऱ्या पहाटे वावरात ये. कितीही धुई असो, माह्यासंग ढेकळायपाशी वाकून बस, हात लावून पाह्य अन् मंग काय ते बोल.

गोदाबाई